पाय उघडले आणि सॉफ्टवेअरला वाटलं टेकलो: मार्स पोलर लँडरची केस

रिक्वायरमेंट मॅनेजमेंटचे, म्हणजे यंत्राने किंवा सॉफ्टवेअरने काय केलं पाहिजे ते लिहून ठेवायच्या आणि सांभाळायच्या कामाचे, शब्द पाठ करायला सांगितले की टीममधली नवीन पोरं कंटाळतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. व्हेरिफिकेशन, व्हॅलिडेशन, ट्रेसेबिलिटी, ॲलोकेशन, रॅशनल, सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात, व्याख्या वाचली की कळलं असं वाटतं आणि दोन दिवसांनी विचारलं की गोंधळ. म्हणून मी आता व्याख्या सांगत बसत नाही, सरळ मार्स पोलर लँडरची केस काढतो. यातला जवळपास प्रत्येक शब्द त्या केसमधे कुठे ना कुठे तुटलेला दिसतो, आणि कुठे तुटला ते बोट ठेवून दाखवता येतं.

आधी काय झालं ते. नासाचं हे यान ३ जानेवारी १९९९ ला केप कॅनव्हेरलहून निघालं, मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरायचं होतं, ३ डिसेंबर १९९९ ला वातावरणात शिरायच्या आधी ठरल्याप्रमाणे बोलणं थांबलं आणि मग परत कधी सुरूच झालं नाही. याच्या सव्वादोन महिने आधी, २३ सप्टेंबरला, मार्स क्लायमेट ऑर्बिटर गेलं होतं. तेच ते, एका बाजूने पाउंडमधे आकडे दिले आणि दुसऱ्या बाजूने न्यूटन समजून वापरले, ते प्रकरण. ऑर्बिटरची गोष्ट सगळेच सांगतात कारण ती एका वाक्यात सांगून होते आणि ऐकणारा हसतो. पण रिक्वायरमेंटचं काम करणाऱ्याला लँडरची केस जास्त झोंबते, कारण इथे वरच्या डॉक्युमेंटमधे चुकीचं काही नव्हतंच. जे वाक्य लिहायला हवं होतं ते लिहिलेलं होतं, आकड्यासकट. आणि तरीही यान गेलं.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी पकडायला नको. हे कारण शंभर टक्के सिद्ध झालेलं नाही. लँडर उतरत असताना पृथ्वीकडे डेटा पाठवेल अशी सोयच केलेली नव्हती, त्यामुळे नेमकं शेवटच्या मिनिटात काय झालं याची कुठलीच नोंद नाही. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने जॉन कसानी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बोर्ड नेमला, त्यांनी मार्च २००० मधे रिपोर्ट दिला. ज्या ज्या गोष्टी बिघडू शकत होत्या त्या सगळ्यांची यादी करून एकेक तपासली, हीट शील्ड, पॅराशूट, उतरायची जागा खडबडीत असणं, टाकीतलं इंधन सरकून तोल जाणं वगैरे, आणि शेवटी म्हटलं की सगळ्यात जास्त शक्यता इंजिनं वेळेआधी बंद होण्याची आहे. मी पुढे "असं झालं" असं लिहीन ते या अर्थाने.

आणि ही डेटा न पाठवायची गोष्ट पण सोडून देऊ नका. बोर्डाचं म्हणणं होतं की प्रोजेक्टच्या पातळीवर तो निर्णय समजण्यासारखा होता पण प्रोग्रामच्या पातळीवर त्याचं समर्थन होऊ शकत नाही. हे वाक्य मला फार आवडतं. एका यानाच्या टीमचा विचार केला तर उतरताना डेटा पाठवून त्या यानाला काही फायदा नाही, उतरलं तर उतरलं, नाही तर डेटा असून पण नाही वाचणार, मग वजन आणि पैसा कशाला घालवा. पण ज्यांना पुढची याने पाठवायची आहेत त्यांना तो डेटा हवाच होता. याला आपण स्टेकहोल्डर नीड म्हणतो, म्हणजे कामाशी संबंध असलेल्या कोणाची तरी गरज, आणि नीड आणि रिक्वायरमेंट यातला फरक इथे दिसतो. नीड होती, ती ज्याची होती तो प्रोजेक्टच्या टेबलावर बसलेला नव्हता, म्हणून तिचं रिक्वायरमेंट झालंच नाही. प्रोजेक्टच्या सगळ्या रिक्वायरमेंट पूर्ण झाल्या असत्या तरी हे भोक राहिलंच असतं.

आता उतरणं. यान पॅराशूटला लटकलेलं असतं, हीट शील्ड गळून पडते, मग साधारण १५०० मीटरवर तीन पाय उघडतात. मग पॅराशूट सोडून १२ लहान इंजिनं थांबून थांबून झटके देत वेग कमी करतात आणि शेवटी यान सेकंदाला २.४ मीटर एवढ्या हळू वेगाने जमिनीला टेकतं. टेकल्या टेकल्या इंजिनं बंद व्हायला पाहिजेत, चालू राहिली तर यान उलटं होऊ शकतं. टेकलो हे कळायचं कसं? प्रत्येक पायात एक हॉल इफेक्ट सेन्सर, म्हणजे पाय दाबला गेला की लोहचुंबक सरकतं आणि सेन्सरचं उत्तर "नाही" वरून "हो" वर जातं. साधी गोष्ट आहे.

फक्त पाय उघडतो तेव्हा तो काही मखमलीसारखा उघडत नाही, जोरात येतो आणि कडेला येऊन थाडकन थांबतो, त्या हिसक्याने पाय क्षणभर वाकतो आणि सेन्सर क्षणभर "हो" म्हणतो. हवेत, दीड किलोमीटर वर. ही काही नंतर समजलेली गोष्ट नाही. डेव्हलपमेंट युनिटवरच्या टेस्टमधे, प्रत्यक्ष लँडरवरच्या टेस्टमधे आणि नंतरच्या २००१ च्या लँडरवरच्या टेस्टमधे, सगळीकडे हा खोटा "हो" दिसलेला आहे.

म्हणून सिस्टिम लेव्हलच्या रिक्वायरमेंटमधे हे होतं, मी मराठीत सांगतो:

"टचडाउन सेन्सर सेकंदाला १०० वेळा वाचले पाहिजेत. प्रोसेसरवरचा लोड एकसारखा राहावा म्हणून हे वाचन वातावरणात शिरायच्या आधीच सुरू झालं पाहिजे. मात्र सेन्सरच्या डेटाचा वापर जमिनीपासून १२ मीटरवर येईपर्यंत सुरू होता कामा नये."

शिवाय आणखी दोन होत्या. वापरायच्या आधी प्रत्येक सेन्सर आपोआप तपासायचा आणि खराब वाटला तर इंजिन बंद करायच्या निर्णयात त्याला धरायचं नाही. आणि टेकलो हे ठरवायचं ते एकाच सेन्सरने लागोपाठ दोन वाचनांत "हो" म्हटल्यावर.

हे आधी नीट बघा. पहिल्या रिक्वायरमेंटमधे तीन वाक्यं आहेत. पहिलं किती वेळा वाचायचं, दुसरं कधीपासून, तिसरं कधीपर्यंत वापरायचं नाही. दुसऱ्या वाक्यात कारण लिहिलंय, लोड एकसारखा राहावा म्हणून. तिसऱ्यात कारण नाहीये. "पाय उघडताना सेन्सर खोटं बोलतो म्हणून" एवढे शब्द नाहीत. याला रॅशनल म्हणतात, रिक्वायरमेंटच्या शेजारी लिहिलेलं कारण, आणि बहुतेक ठिकाणी ते फील्ड रिकामं असतं नाहीतर "सिस्टिमची गरज" असलं काहीतरी भरलेलं असतं. बोर्डाने पण हेच नोंदवलंय की सिस्टिम रिक्वायरमेंटमधे या खोट्या सिग्नलचं वर्णन नव्हतं आणि म्हणून सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी त्याचा विचार केला नाही. माझ्या मते अख्ख्या केसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. ज्या वाक्याला कारण होतं ते खाली पोचलं, ज्याला नव्हतं ते वाटेत गळलं. कदाचित योगायोग असेल, पण मी माझ्या कामात इतक्या वेळा हे बघितलंय की मला तो योगायोग वाटत नाही.

आता खाली काय पोचलं ते. सिस्टिम लेव्हलची रिक्वायरमेंट तोडून खालच्या भागांना वाटणं याला फ्लो-डाउन म्हणतात, कुठला तुकडा कोणाच्या वाट्याला हे ठरवणं म्हणजे ॲलोकेशन, आणि वरची ती पॅरेंट, खालची ती चाइल्ड. सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटमधली चार पोरं अशी होती. एक, उतरण्याच्या सगळ्या टप्प्यात तिन्ही सेन्सरची स्थिती सेकंदाला १०० वेळा तपासायची. दोन, टचडाउन इव्हेंट (म्हणजे यान टेकल्याची सूचना) देणं चालू असो नाहीतर बंद, तपासणी करता आली पाहिजे. तीन, इव्हेंट देणं चालू केलं की खराब सेन्सर शोधायचा, लागोपाठ दोन वाचनांत "टेकलो" म्हणत असेल तर तो खराब. चार, चांगल्या सेन्सरपैकी कुठल्याही एकाने लागोपाठ दोन वाचनांत "टेकलो" म्हटलं की लँडिंग झाल्याचा इव्हेंट द्यायचा.

"मात्र" कुठे गेलं? शोधा, सापडणार नाही. १२ मीटर पण नाहीत.

म्हणजे अगदीच काही नाही असं नाही, दुसऱ्या वाक्यात त्याची सावली आहे. "इव्हेंट देणं चालू असो नाहीतर बंद", म्हणजे लिहिणाऱ्याला माहीत होतं की काही काळ इव्हेंट द्यायचा नसतो. पण वरचं डॉक्युमेंट म्हणतंय डेटाचा वापर करू नका आणि खालचं म्हणतंय इव्हेंट देणं बंद असू शकतं, आणि हे दोन एक नाहीत. सेन्सरने "हो" म्हटलं आणि ते मी वहीत लिहून ठेवलं, कोणाला सांगितलं नाही, तर मी ते वापरलं का? सॉफ्टवेअरवाला म्हणेल नाही वापरलं, इव्हेंट कुठे दिला? सिस्टिमवाला म्हणेल अरे लिहून का ठेवलंस? दोघंही आपापल्या जागी बरोबर. "वापर" हा शब्द संदिग्ध होता, आणि दोन टीमने त्याचे दोन अर्थ घेतले तेव्हा कोणाला शंका पण आली नाही, कारण संदिग्ध शब्दाची हीच गंमत असते, वाचणाऱ्या प्रत्येकाला तो स्पष्टच वाटतो.

आता सॉफ्टवेअर आत काय करत होतं ते पायरी पायरीने बघू, इथे घाई करू नका. प्रत्येक पायासाठी मेमरीत काही गोष्टी ठेवलेल्या, आत्ताचं वाचन, आधीचं वाचन, आणि एक फ्लॅग, म्हणजे वर किंवा खाली असणारी खूण, "टेकलो". सेकंदाला १०० वेळा म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी वाचन. आत्ताचं आणि आधीचं दोन्ही "हो" असतील तर फ्लॅग वर. दोन वाचनांची अट होती ती एखाद्या भरकटलेल्या वाचनापासून वाचायला, पण टेस्टमधे बघितलं तर पाय उघडतानाचे बहुतेक खोटे सिग्नल दोन वाचनांत पकडले जातील एवढे लांब होते. बोर्डाचं म्हणणं, तीनपैकी निदान एका पायाचा फ्लॅग वर जाणं जवळपास नक्कीच होतं.

तर १५०० मीटरवर पाय उघडले, एका पायाचा फ्लॅग वर गेला, आणि सेन्सर लगेच परत "नाही" म्हणायला लागला. फ्लॅग मात्र खाली आला नाही, कारण त्याला खाली आणणारी ओळच नव्हती.

यान खाली येत राहिलं. उड्डाणात इव्हेंट देणं चालू व्हायचं होतं ते ४० मीटरवर. ४० मीटर आले, सॉफ्टवेअरने आधी सेन्सरची तब्येत बघितली, आत्ता दोन वाचनांत "हो" म्हणतोय का, नाही म्हणतोय, म्हणजे सेन्सर चांगला. छान. मग पुढे, चांगला सेन्सर आहे, फ्लॅग वर आहे, इव्हेंट चालू आहे. म्हणजे आपण टेकलो. इंजिनं बंद.

खराब सेन्सर पकडायची जी तपासणी खास सुरक्षेसाठी घातली होती तिनेच खोट्या सिग्नलला चांगल्या वागणुकीचा दाखला दिला. ती तपासणी "हो" वरच अडकून बसलेला सेन्सर पकडायला लिहिलेली होती, आणि एकदाच खोटं बोलून नंतर खरं बोलणारा सेन्सर तिच्या डोळ्यांना दिसतच नव्हता. फॉल्ट मोडची, म्हणजे काय काय प्रकारे बिघडू शकतं त्याची, यादी करताना नेहमी असंच होतं, मेलेला सेन्सर आणि अडकलेला सेन्सर सगळ्यांना आठवतो, पण दोन क्षण बिघडून परत नीट होणारा कोणाला आठवत नाही.

४० मीटरवर यानाचा वेग सेकंदाला साधारण १३ मीटर होता. तिथून नुसतं पडायचं, मंगळाचं गुरुत्वाकर्षण ३.७ धरलं तर तेराचा वर्ग १६९, अधिक दोन गुणिले ३.७ गुणिले ४०, वर्गमूळ काढा, २२ च्या आसपास येतं, बोर्डाने पण २२ च दिलंय. २.४ च्या जागी २२. कोणी विचारेल की वर १२ लिहिलं होतं आणि उड्डाणात ४० होतं, मग हाच फरक नडला का? नाही. १२ मीटरवर चालू केलं असतं तरी फ्लॅग वरच होता, तिथून अगदी थांबलेल्या अवस्थेतून सोडलं तरी टेकताना वेग सेकंदाला ९ मीटरच्या वर जातो. मूळ रोग आकड्यात नव्हता. पण दोन डॉक्युमेंटमधे एकाच गोष्टीचे दोन आकडे दिसले की मी तरी थांबून विचारतो, कारण कोणीतरी कधीतरी एक बदललेला असतो आणि दुसऱ्याला सांगितलेलं नसतं. बेसलाइन (सगळ्यांनी मान्य करून पक्कं केलेलं डॉक्युमेंट) आणि चेंज कंट्रोल (त्यात परस्पर बदल होऊ न देणं) म्हणतात ते याचसाठी, त्यावर इथे जास्त बोलायचं कारण नाही.

आता ट्रेसेबिलिटी. प्रत्येक चाइल्ड कुठल्या पॅरेंटची आणि प्रत्येक पॅरेंटला कुठल्या चाइल्डने पूर्ण केलं, दोन्ही दिशांनी दाखवता येणं. लोकांना वाटतं ट्रेसेबिलिटी म्हणजे मोठं टेबल, डाव्या कॉलममधे वरचा नंबर, उजव्यात खालचा, सगळ्या ओळी भरल्या की ऑडिट पास. मी तसलं टेबल भरून पास झालोय, त्याची लाज वाटते पण खरंय. पण या केसमधली पहिली रिक्वायरमेंट घ्या, तीन वाक्यांना मिळून नंबर एकच आहे असं समजा, आणि खालच्या "सेकंदाला १०० वेळा तपासायचे" ला त्याची लिंक दिली. ओळ भरली, टूलमधे हिरवी झाली. तीन वाक्यांपैकी दोन पोचली आणि तिसरं नाही हे त्या टेबलाला कळायचा काही मार्गच नाही. लिंक असणं म्हणजे मजकूर पोचणं नव्हे.

म्हणून रिक्वायरमेंट सुटी हवी, एका नंबरमधे एकच गोष्ट. आयएसओ, आयईसी आणि आयईईई या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थांचं २९१४८ नंबरचं स्टँडर्ड आहे, २०११ चं आणि मग २०१८ मधे सुधारलेलं, त्यात चांगल्या रिक्वायरमेंटच्या गुणांत हा गुण दिलाय, सिंग्युलर. नवीन लोकांना ही कटकट वाटते, एका परिच्छेदात तीन वाक्यं छान वाचली जात असताना तीन नंबर कशाला. कारण "मात्र", "परंतु", "आणि", "तसेच" या शब्दांच्या पुढचं वाक्य जेव्हा दुसऱ्याच्या नंबरवर फुकटात प्रवास करतं तेव्हा त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. मी रिव्ह्यूला बसलो की आधी हे चार शब्द शोधतो, बाकी नंतर वाचतो.

अजून एक भानगड. तिसरं वाक्य नकारार्थी होतं, "सुरू होता कामा नये". रिक्वायरमेंट लिहिण्याच्या बऱ्याच गाइडमधे सांगतात की नकारार्थी लिहू नका, आणि ते बरोबरच आहे, कारण "अमुक कधीच होऊ नये" हे टेस्ट करून दाखवणार कसं, किती वेळ थांबायचं? पण मग लोक काय करतात, नकारार्थी वाक्य बघितलं की टाकून देतात, किंवा "ही तर डिझाइनची गोष्ट झाली" म्हणून खाली ढकलतात. टाकायचं नसतं, उलटं करून लिहायचं असतं. हेच वाक्य असं लिहिता आलं असतं: "टचडाउन इव्हेंट देणं चालू करण्याच्या क्षणी सॉफ्टवेअरने तिन्ही सेन्सरचा टेकलो फ्लॅग खाली आणला पाहिजे आणि त्याआधीचं कुठलंही वाचन निर्णयात धरायचं नाही. कारण: पाय उघडताना सेन्सर क्षणभर खोटा सिग्नल देतो." याची टेस्ट एका दुपारी होते. खोटा सिग्नल घाला, मग इव्हेंट चालू करा, फ्लॅग बघा. बास. आणि तो फ्लॅग खाली आणायला कोडमधे लागली असती जेमतेम एक ओळ.

इथे हुशार वाचक म्हणेल की तुम्ही "फ्लॅग" असा शब्द रिक्वायरमेंटमधे घातला, म्हणजे काय करायचं ते सोडून कसं करायचं ते सांगायला लागलात. मान्य. सिस्टिम लेव्हलला मी हा शब्द लिहिणार नाही, सॉफ्टवेअर लेव्हलला लिहीन. डिराइव्हड रिक्वायरमेंट म्हणतात ती हीच, वरच्यात शब्दशः नसते, पण वरची पूर्ण करायची तर खाली कोणाला तरी जन्माला घालावी लागते. ती इथे जन्माला आलीच नाही.

आता व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन. व्याख्या सगळ्यांना पाठ असते, एक म्हणजे लिहिल्याप्रमाणे केलं का, दुसरं म्हणजे जे हवं होतं ते झालं का. या सॉफ्टवेअरचं व्हेरिफिकेशन करून बघा. १०० वेळा तपासतं? हो. इव्हेंट बंद असताना तपासतं? हो. खराब सेन्सर शोधतं? हो. दोन वाचनांवर इव्हेंट देतं? हो. चारपैकी चार. आपल्या डॉक्युमेंटच्या तुलनेत ते सॉफ्टवेअर निर्दोष होतं, आणि म्हणूनच व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट कितीही जाड असला तरी मला त्याने झोप येत नाही. चूक जर मुळात रिक्वायरमेंटमधेच असेल तर व्हेरिफिकेशन त्या चुकीची इमानदारीने पावती फाडून देतं.

ती चूक पकडू शकली असती अशी एक टेस्ट होती. सिस्टिम लेव्हलला पाय उघडायची टेस्ट झाली होती, लँडरवरच. पण त्यावेळी टचडाउन सेन्सरचं वायरिंग चुकलेलं होतं, त्यामुळे पाय उघडताना सेन्सरने दिलेला सिग्नल सॉफ्टवेअरपर्यंत नीट पोचलाच नाही. वायरिंगची चूक नंतर सापडली, दुरुस्त झाली, सेन्सरची टेस्ट परत घेतली गेली आणि पास झाली. पाय उघडायची टेस्ट मात्र परत घेतली नाही.

हे वाचून मी पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकलो होतो. कारण असं मी स्वतः केलंय, यान वगैरे नाही, साध्या कंट्रोल पॅनेलवर. एक कनेक्टर उलटा होता, सरळ केला, ज्या टेस्टमधे सापडला ती टेस्ट परत घेतली, पास, सही. त्या उलट्या कनेक्टरच्या काळात ज्या बाकीच्या टेस्ट "पास" झाल्या होत्या त्यांचं काय, हा प्रश्न मला आला नाही, एका सीनियर बाईंना आला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "त्या दिवशी अजून काय काय पास केलंस रे?" रिग्रेशन टेस्टची याहून चांगली व्याख्या मला अजून मिळालेली नाही. बदल केला की जी टेस्ट फेल झाली होती तेवढीच परत घ्यायची नसते, ज्या टेस्ट चुकीच्या कारणाने पास झाल्या असतील त्या पण घ्यायच्या असतात, आणि त्या शोधणं हेच अवघड काम, कारण त्यांच्यावर हिरवी खूण असते. याला इम्पॅक्ट ॲनालिसिस म्हणतात, नाव मोठं आहे, प्रश्न बाईंचाच.

नासाच्या लोकांत एक बोलायची पद्धत आहे, जसं उडवणार तसं टेस्ट करा. पाय उघडण्यापासून जमिनीला टेकण्यापर्यंतचा अख्खा क्रम, खऱ्या वायरिंगवर, खऱ्या सॉफ्टवेअरने, एका दमात, हे कधी झालं नाही. तुकड्या तुकड्यांत झालं. पाय वेगळे, सेन्सर वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं. आणि हा बग असा की तुकड्यात तो असतच नाही, १५०० मीटरवर घडलेली गोष्ट ४० मीटरवर आठवल्याशिवाय तो जन्मालाच येत नाही. पाय वाल्यांना माहीत होतं की सिग्नल उडतो, ती त्यांच्यासाठी मेकॅनिकल बारीकसारीक. सॉफ्टवेअरवाल्यांना माहीत होतं की फ्लॅग टिकतो, ती त्यांच्यासाठी कोडमधली बारीकसारीक. दोन बारीकसारीक गोष्टी एकमेकींना भेटायची जागा म्हणजे इंटरफेस. लोक इंटरफेस म्हटलं की कनेक्टरच्या पिना आणि व्होल्टेज लिहितात. "या सिग्नलवर कधी विश्वास ठेवू नये" हे पण इंटरफेस डॉक्युमेंटमधेच लिहायचं असतं, कुठल्या वेळी, किती वेळ, का.

पैशाचं पण एका वाक्यात. नासामधे तेव्हा जलद, चांगलं, स्वस्त हे धोरण चालू होतं, आणि टॉम यंग यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीने म्हटलं की हा प्रोजेक्ट निदान ३० टक्के कमी पैशात चालवला जात होता. खरं आहे आणि महत्त्वाचं आहे, पण मी ते केसच्या सुरुवातीला सांगत नाही, कारण पैसे कमी होते असं ऐकलं की सगळे मान हलवतात आणि पुढचं ऐकत नाहीत. "मात्र" ला वेगळा नंबर द्यायला पैसे लागत नाहीत.

नवीन पोरांना मी ही केस सांगितल्यावर सिस्टिमची रिक्वायरमेंट आणि सॉफ्टवेअरच्या चार ओळी कागदावर शेजारी शेजारी लिहून देतो, गोष्ट न सांगता दिली तर दहापैकी एखाद्यालाच फरक दिसतो, गोष्ट सांगून दिली तर सगळ्यांनाच दिसतो आणि मग सगळे म्हणतात हे तर सरळच होतं की. मग मी त्यांच्याच चालू प्रोजेक्टमधली एक रिक्वायरमेंट काढतो, "तथापि" वाली, आणि विचारतो याची चाइल्ड कुठे आहे. त्यानंतर थोडा वेळ कोणी बोलत नाही, सगळे टूल उघडून शोधत असतात.

आणि त्या लँडरच्या भावाचं पुढे बरं झालं. २००१ मधे जाणारं तसंच यान या अपघातानंतर रद्द केलं होतं, ते बरेच दिवस पडून होतं, मग त्याच्यावरच फिनिक्स नावाची मोहीम उभी राहिली. ऑगस्ट २००७ मधे उड्डाण, २५ मे २००८ ला मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडच्या भागात. तीन पाय, १२ इंजिनं. फक्त या वेळी उतरताना यान बोलत होतं, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांमार्फत त्याचा सिग्नल पृथ्वीवर येत होता, पॅराशूट उघडल्याचं कळलं, पाय उघडल्यानंतरही ते बोलत राहिलं, ४० मीटर आले आणि गेले, आणि इंजिनं बंद झाली ती पाय मातीला टेकल्यावर.